बांधकामाचं सॉफ्टवुड आणि पर्यावरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाइन, स्प्रूस, हेमलॉक ही नावं आता आपल्याकडच्या वखारींत आणि इंटिरियरवाल्यांच्या कोटेशनमध्ये सर्रास दिसतात. सोबत ‘पर्यावरणपूरक’ हा शिक्काही असतोच. तो शिक्का कितपत खरा, हे तपासायचं तर झाड उभं असल्यापासून फळीची राख होईपर्यंतचा हिशेब मांडावा लागतो. इथले बरेचसे आकडे कॅनडातल्या, विशेषतः ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लाकडाला धरून आहेत. त्या लाकडावर भरपूर मोजमाप झालंय, आणि ते न्हावा शेवा बंदरातून आपल्याकडे येतंही.

सॉफ्टवुड म्हणजे नक्की कुठलं लाकूड?

सुईसारखी किंवा खवल्यांसारखी पानं असलेल्या झाडांचं: स्प्रूस, पाइन, फर, हेमलॉक, सीडर. हिमालयातले देवदार आणि चीड याच घराण्यातले. उत्तर अमेरिकेत स्प्रूस, पाइन आणि फर एकत्रच ‘एसपीएफ’ या नावाने विकतात, कारण बांधकामात तिघांचं वागणं जवळपास सारखं असतं. डग्लस फर या गटात येत नाही; ते जास्त कणखर, तुळयांसाठी वापरलं जाणारं. आपल्याकडे चौकटी आणि दारांसाठी हेमलॉक आणि डग्लस फर येतं, तर पॅकिंग, पॅलेट आणि स्वस्त फर्निचरसाठी न्यूझीलंडसारख्या देशांतलं पाइन.

जीवनचक्राचा हिशेब कोण आणि कसा मांडतं?

आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांप्रमाणे. अमेरिकेत विद्यापीठं आणि संशोधन संस्थांचा ‘कॉरिम’ हा गट १९९६ पासून फक्त लाकडाच्या अशा अभ्यासासाठी काम करतोय. इमारतीच्या मालासाठी टप्पे ठरलेले आहेत: जंगल ते कारखान्याचं फाटक, मग वाहतूक, बसवणं, वापराची वर्षं आणि शेवटची विल्हेवाट. यातून जो कागद तयार होतो त्याला पर्यावरण घोषणापत्र म्हणतात, धंद्यातले लोक ‘ईपीडी’.

हा कागद हातात आला की सर्वात आधी बघायचं, तो कुठल्या टप्प्यापर्यंत आहे. बहुतेक सॉफ्टवुडचे कागद कारखान्याच्या फाटकाशी थांबतात. आपल्यासाठी खरी गोष्ट फाटकाच्या बाहेर सुरू होते.

एका फळीत किती कार्बन असतो?

अमेरिकी घरांमध्ये सगळीकडे वापरला जाणारा ‘टू बाय फोर’ घेऊ. नावाला दोन बाय चार इंच, पण रंधून आल्यावर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन. आठ फूट लांबीचा एक नग म्हणजे साधारण साडेतीन किलो कोरडं लाकूड. लाकडाच्या कोरड्या वजनात निम्मा कार्बन असतो, म्हणजे पावणेदोन किलो. झाडाने तो हवेतून घेतला तेव्हा सुमारे ६.४ किलो कार्बन डायऑक्साइड खेचला.

तोच नग तोडणं, ओढणं, कापणं, सुकवणं आणि रंधणं या सगळ्यात जीवाश्म इंधनाचं उत्सर्जन होतं साधारण अर्धा किलो. उत्तर अमेरिकेची सरासरी घनमीटरमागे ६० ते ६५ किलोच्या घरात आहे. एका घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट, म्हणजे वखारीच्या भाषेत घनफुटाला पावणेदोन किलो. लोखंड, सिमेंट, ॲल्युमिनियम यांच्याशेजारी हा आकडा फारच किरकोळ आहे आणि त्यात हातचलाखीही नाही.

इतका कमी कसा? आरा गिरणीला वीज, डिझेल लागत नाही का?

लागतं, पण सर्वात जास्त ऊर्जा खाते ती सुकवण्याची भट्टी. नुकतं तोडलेलं झाड पाण्याने भरलेलं असतं. समजा एका घनमीटरमध्ये ४०० किलो कोरडं लाकूड आहे आणि ओल ६० टक्के, तर पाणी झालं २४० किलो. ओल १५ टक्क्यांवर आणायची म्हणजे त्यातलं १८० किलो पाणी वाफ करून घालवायचं. गिरणीतल्या एकूण ऊर्जेचा मोठा वाटा इथेच जातो.

ही उष्णता मिळते ती बहुतांशी गिरणीच्या स्वतःच्या सालीतून आणि भुश्शातून. ओंडक्याचं जेमतेम निम्मं लाकूड फळी म्हणून बाहेर पडतं. बाकीचे तुकडे कागदाच्या लगद्याला जातात, भुसा पार्टिकल बोर्डला किंवा बॉयलरमध्ये, साल थेट जाळायला. भुसा जाळल्यावरही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच, पण तो ‘जैविक’ रकान्यात टाकला जातो आणि जीवाश्म इंधनाच्या आकड्यात दिसत नाही. नियमाने ते बरोबर आहे. फक्त वाचणाऱ्याला ते माहीत हवं. जी गिरणी नैसर्गिक वायूवर भट्टी चालवते तिचा आकडा बराच वर जातो.

सुकवताना लाकडातली टर्पीनसारखी द्रव्यंही हवेत जातात. नव्या पाइनला जो छान वास येतो तो त्यांचाच. गिरणीच्या आसपास धुरकं तयार व्हायला ती हातभार लावतात, म्हणून घोषणापत्रात त्यांचा रकाना वेगळा असतो.

मग ‘कार्बन निगेटिव्ह लाकूड’ ही जाहिरात खरी मानायची का?

अर्धवट हिशेबात खरी. कारखान्याच्या फाटकापर्यंत मोजलं तर घनमीटरमागे साठलेला साधारण ७७० किलो कार्बन डायऑक्साइड वजा लिहिता येतो आणि बेरीज दणदणीत ऋण दिसते. पण ती फळी एक दिवस कुजणार किंवा जळणार, तेव्हा तेवढाच अधिक लिहावा लागतो. युरोपच्या ईएन १५८०४ या मानकात ही वजा-अधिक बेरीज शेवटी शून्यच झाली पाहिजे. कायमचा साठा म्हणून काही दाखवता येत नाही. उत्तर अमेरिकेत वापरलं जाणारं आयएसओ २१९३० जरा सैल आहे. तिथे कचराभूमीत गाडलेल्या, न कुजलेल्या लाकडातला कार्बन साठा म्हणून धरता येतो. त्यामुळे एकाच फळीचे दोन प्रामाणिक आकडे असू शकतात.

आता हा शून्य काही क्षुल्लक नाही. साठ वर्षं भिंतीत राहिलेला कार्बन साठ वर्षं हवेत नव्हता, आणि तेवढ्यात तोडलेल्या जागी दुसरं झाड वाढलं तर फायदा खरा आहे. पण सहा वर्षांत फेकलेल्या पाइनच्या टीव्ही युनिटला तोच फायदा चिकटवणं म्हणजे शुद्ध जाहिरातबाजी. माझ्या मते सॉफ्टवुडबद्दलचा निम्मा वाद या एका गोष्टीने मिटेल: टनात किती साठलं याच्याआधी किती वर्षं साठलं ते विचारायचं.

झाड तोडलं तर जंगलाचं नुकसान होणारच ना?

कुठलं जंगल, यावर सगळं आहे. ब्रिटिश कोलंबियात जवळपास ९५ टक्के वनजमीन सरकारी आहे. दरवर्षी किती तोडायचं याची मर्यादा सरकार ठरवतं, आणि १९८७ पासून तोडणाऱ्या कंपनीवरच पुन्हा रोपं लावून ती तग धरेपर्यंत सांभाळण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. कागदावर हे आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहे. तरी तोड बहुतेक ठिकाणी एक सलग पट्टा पूर्ण मोकळा करून होते. फांद्या, शेंडे ढीग करून अनेकदा जागेवरच जाळतात. माती, ओढे, पक्षी, हरणं यांचं जे होतं ते कार्बनच्या आकड्यात बसत नाही आणि घोषणापत्रात जवळजवळ दिसतच नाही.

त्यात जुन्या जंगलाचा प्रश्न वेगळा. शेकडो वर्षांची झाडं तोडून तिथे रोपं लावली तर गेलेला साठा भरून यायला पुन्हा शतकं लागतात. १९९३ मध्ये क्लेयोक्वट साउंडला आणि २०२१ मध्ये फेअरी क्रीकला, दोन्ही व्हँकुव्हर बेटावर, याच मुद्द्यावर शेकडो लोकांनी अटक करून घेतली. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रांत सरकारने २६ लाख हेक्टर जुन्या जंगलातली तोड थांबवण्याचा इरादा जाहीर केला. अंमलबजावणी अर्धीमुर्धी झाल्याची तक्रार आजही आहे.

अलिबाग-लोणावळ्याच्या फार्महाउसला बाहेरून लावायला वेस्टर्न रेड सीडर मागवताना हे डोक्यात ठेवा. ते झाड किनाऱ्यावरच्या याच जुन्या जंगलांतून बऱ्याच प्रमाणात येतं. आतल्या भागातलं एसपीएफ आणि जुन्या जंगलातलं सीडर, दोन्ही ‘कॅनडाचं लाकूड’ म्हणूनच विकलं जातं, पण दोघांचा हिशेब एक नाही.

वणवे आणि कीड यांचा हिशेब कुठे लागतो?

इथेच खरी गंमत आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून माउंटन पाइन बीटल या तांदळाच्या दाण्याएवढ्या भुंग्याने ब्रिटिश कोलंबियातली १.८ कोटी हेक्टरांवरची जंगलं कमी-अधिक पोखरली. तिथल्या विक्रीयोग्य लॉजपोल पाइनपैकी निम्म्याहून जास्त त्यात मेलं. कडाक्याच्या थंडीत ही कीड मरते. हिवाळे सौम्य झाले आणि ती मोकाट सुटली. अनेक दशकं वणवे विझवत राहिल्याने एकाच वयाची म्हातारी पाइनं सलग उभी होती, तेही तिच्या पथ्यावर पडलं. मग २०२३ च्या उन्हाळ्यात कॅनडाभर सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळालं.

राष्ट्रीय हिशेब मांडताना कॅनडा वणवे आणि कीड यांचं उत्सर्जन ‘नैसर्गिक’ म्हणून बाजूला काढतो. तोडलेल्या जागी पुन्हा वाढणाऱ्या जंगलाचं शोषण मात्र मानवी व्यवस्थापनाच्या खात्यात येतं. त्यामुळे एकूण जंगल कार्बन सोडत असतानाही व्यवस्थापनाचा रकाना बरा दिसू शकतो. जंगलातला कार्बनचा साठा ‘स्थिर’ आहे असं देशाच्या अहवालात असेल तरच फळीत साठलेला कार्बन वजा लिहायची मुभा आयएसओ २१९३० देतं. म्हणजे फळीवरचा तो ऋण आकडा शेवटी या वर्गवारीवर उभा आहे. कोणी फसवतंय असा याचा अर्थ नाही. पण २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका शोधनिबंधाने याच्या उलट बाजूने मांडणी केली. जगभरातल्या लाकूडतोडीचं उत्सर्जन येत्या दशकांत वर्षाला ३.५ ते ४.२ अब्ज टन धरायला हवं, असं त्यात म्हटलं आणि त्यावर वनशास्त्रज्ञांमध्ये जोरदार जुंपली. अजून जुंपलेलीच आहे.

पाइनवर निळसर-करडे पट्टे आहेत. लाकूड किडलेलं आहे का?

नाही. भुंग्याबरोबर आत शिरलेल्या बुरशीचा तो रंग आहे. मजबुतीत फरक पडत नाही. दिसायला चालत असेल तर जरूर घ्या; मेलेलंच झाड कामी आलंय.

इतक्या लांबून जहाजाने आणल्यावर फायदा उरतो का?

व्हँकुव्हर ते न्हावा शेवा हा समुद्रमार्ग साडेसतरा हजार किलोमीटरच्या आसपास. कंटेनर जहाजाला टन-किलोमीटरमागे १० ते १५ ग्रॅम धरले आणि सुकं लाकूड घनमीटरला अर्धा टन, तर येतात ९० ते १३० किलो. म्हणजे जंगलापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत जेवढं उत्सर्जन झालं, त्याच्या दीड ते दोनपट एकट्या प्रवासात. पुढे ट्रकने पुण्यापर्यंत सात-आठ किलो, नागपूरपर्यंत चाळीसच्या आसपास.

हा माझा ढोबळ हिशेब आहे, जहाज किती भरलेलं आणि वाटेत माल कुठे बदलला यावर तो हलतो. पण मथितार्थ बदलत नाही: विक्रेत्याने दाखवलेला ६० चा आकडा मुंबईत पोचेपर्यंत तिप्पट झालेला असतो. तरीही एकूण दीड-दोनशे किलो घनमीटरला, हे वाईट नाहीच.

न्यूझीलंडचं पाइन जवळचं, मग ते बरं का?

अंतर कमी, आणि ते लागवडीचं रेडिएटा पाइन आहे, २५ ते ३० वर्षांत तोडणीला येतं. त्यामुळे नैसर्गिक जंगल तोडल्याचा मुद्दा येत नाही. पण ते आपल्याकडे मुख्यतः अख्ख्या ओंडक्यांच्या रूपात कांडला बंदरात येतं आणि गांधीधामच्या गिरण्यांत कापलं जातं. ओंडका आणायचा म्हणजे साल, भुसा आणि पाणी यांचंही भाडं भरायचं. शिवाय कीड येऊ नये म्हणून भारतात येणाऱ्या ओंडक्यांना मिथाइल ब्रोमाइडची धुरी देण्याची अट बराच काळ राहिली आहे. हा वायू ओझोनच्या थराला घातक. माँट्रियल करारात त्यावर बंदी आहे, फक्त क्वारंटाइनपुरती सूट. कार्बनच्या तक्त्यात तो शोधून सापडणार नाही. भट्टीत सुकवून आलेल्या कापीव मालात हा त्रास बराच कमी.

लोखंड, ॲल्युमिनियम किंवा सागवानाशी तुलना केली तर?

किलोला किलो लावू नका, कामाला काम लावा. एक दाराची चौकट घ्या: चार बाय अडीच इंच, सात फुटी दोन उभ्या आणि तीन फुटांची एक आडवी. लाकूड लागतं सव्वा घनफुटाच्या आत. जहाजासकट कॅनडाच्या हेमलॉकमध्ये ती साधारण सहा किलो उत्सर्जनाची. पत्र्याची प्रेस्ड स्टीलची चौकट १८ किलोची धरली तर ४० ते ४५ किलो. खिडकीत फरक आणखी वाढतो, कारण आपल्याकडचं नवं ॲल्युमिनियम मुख्यतः कोळशाच्या विजेवर बनतं आणि टनामागे १५ ते २० टन कार्बन डायऑक्साइड सोडतं. पुनर्वापराचं ॲल्युमिनियम मात्र फार हलकं पडतं.

सागवानाचं गणित निराळं. चंद्रपूर-बल्लारपूरचं सागवान ट्रकने येतं, समुद्र ओलांडत नाही, आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. मुख्य दाराला, पावसाच्या तोंडावर, मी सॉफ्टवुड सुचवणार नाही. सगळ्यात वरचढ म्हणजे पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान. पुण्यात भवानी पेठेच्या बाजूला चौकशी करा. एकेक तुळई शंभर वर्षं सुकलेली मिळते. त्यात खिळे असतात, सुतार कुरकुरतो, रंधा बोथट होतो, पण पर्यावरणाच्या हिशेबात त्याच्याजवळ काही जात नाही.

आणि बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट लावतात तीच लावा. तिथे लाकडाचा हट्ट करू नये.

वाळवी आणि कोकणातला पाऊस यांचं काय?

सॉफ्टवुडच्या पर्यावरणीय हिशेबातला आपल्याकडचा सर्वात मोठा आकडा हाच आहे, आणि परदेशी घोषणापत्रात तो मुळीच नाही. तिकडे गृहीत धरतात की भिंतीतलं लाकूड ७५ वर्षं कोरडं राहील. रत्नागिरीत जूनमध्ये बसवलेली, खालून जमिनीला टेकलेली, प्रक्रिया न केलेली स्प्रूसची चौकट चार-पाच पावसाळ्यांत बुडाशी भुसभुशीत होऊ शकते. तीच चौकट तीनदा बदलली की उत्सर्जन चौपट, आणि स्टीलशी फरक बराच कमी झाला.

लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीचं फावतं. म्हणून आधी रचना: चौकट लादीपासून थोडी उचललेली, पागोळ्यांपासून दूर, भिंतीला टेकणारी बाजू रंगवलेली. मग रसायन. बोरॅक्स गटातलं द्रव्य माणसाला सौम्य, पण पावसात धुऊन जातं, म्हणून फक्त आतल्या कामाला. बाहेर तांब्यावर आधारलेली द्रव्यं. तांबं-क्रोम-आर्सेनिकचं ‘सीसीए’ अमेरिकेत घरगुती वापरातून २००३ च्या अखेरीस काढून घेतलं गेलं. आपल्याकडे अजून मिळतं. घरात नको.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत: स्प्रूसमध्ये द्रव्य खोल मुरत नाही, दाबाखाली दिलं तरी. पाइनचं सालीलगतचं लाकूड ते छान पितं. ओलीच्या जागी प्रक्रिया केलेलं पाइन घ्या, स्प्रूस आत ठेवा.

सेंटरिंगच्या फळ्या आणि पॅलेट यांचाही हिशेब करायचा का?

हो, कारण आपल्याकडे सॉफ्टवुडचा भरपूर वापर तिथेच होतो. स्लॅबखालची फळी सिमेंटचा थर खाऊन, खिळे काढताना फाटून चार-पाच ओतकामांत संपते. तेल लावून, खिळे कमी मारून तिचे फेरे दुप्पट झाले तर उत्सर्जन निम्मं. यासाठी कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नाही, चांगला मुकादम पुरतो. पॅलेटच्या फळ्यांचं फर्निचर करणाऱ्यांनी शिक्का पाहावा: ‘एचटी’ म्हणजे ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसऱ्या प्रकारचं घरात आणू नये.

शेवटी लाकडाचं काय होतं?

परदेशी अभ्यासात कचराभूमी. तिथे गाडलेलं लाकूड हवेअभावी फार हळू कुजतं, पण जेवढं कुजतं त्यातून मिथेन निघतो. आपल्याकडे लाकूड कचराभूमीत पोचतच नाही; भंगारवाला, चूल, वीटभट्टी, बेकरी यांपैकी कोणीतरी ते उचलतं. मुंबईतल्या बेकऱ्यांत मोडक्या फर्निचरचं रंग-पॉलिश लावलेलं लाकूड स्वस्त म्हणून जळत आलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये अशा भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. प्रक्रिया केलेली फळी जाळली तर आर्सेनिक किंवा तांबं राखेत आणि धुरात येतं. पाव भाजण्यासाठी ती जळू नये, एवढं तरी पाडकाम करणाऱ्याशी आधीच बोलून घ्या.

एफएससीचा शिक्का असला की झालं?

शिक्का नसण्यापेक्षा बरं. जंगल नीट सांभाळल्याची ही दोन प्रमाणपत्रं: एफएससी १९९३ चं, पीईएफसी १९९९ चं. पहिलं जरा कडक मानलं जातं. पण शिक्का जंगलाच्या व्यवस्थापनाबद्दल बोलतो, कार्बन किंवा वाहतुकीबद्दल नाही. शिवाय गिरणीपासून वखारीपर्यंतच्या प्रत्येक हाताकडे साखळीचं प्रमाणपत्र असावं लागतं. मधल्या एकाकडे नसेल तर तुमच्या बिलावर तो दावा लिहिता येत नाही. गठ्ठ्यावरचा छाप पाहून समाधान मानू नका, बिल पाहा.

आम्ही टोरांटोला राहतो, आमचं अख्खं घरच लाकडाचं आहे. आम्हाला काय लागू?

तुमच्या घराच्या सांगाड्याचा हिशेब उत्तम आहे: जवळचं लाकूड, कोरडी भिंत, लांब आयुष्य. तुमचं खरं उत्सर्जन तळघरातल्या गॅसच्या हीटरमध्ये आहे. डेक बदलायचा असेल आणि तो २००४ च्या आधीचा असेल, तर जुन्या फळ्या शेकोटीत घालू नका; त्यांत सीसीएचं आर्सेनिक असू शकतं.

वखारीत गेल्यावर काय विचारायचं?

झाड कुठलं आणि कुठल्या देशातलं. ओंडका इथे कापला की कापून आला. भट्टीत सुकवलंय का आणि ओल किती. ओल मोजायचं छोटं यंत्र हजार-दोन हजारांत मिळतं, ते घेऊन जा आणि फळीच्या टोकाला न लावता मध्ये लावा, कारण टोक सहसा जास्त सुकं असतं. जुलैमध्ये उघड्यावर रचलेल्या गठ्ठ्यावर ‘केडी’ (भट्टीत सुकवलेलं) छापलेलं असलं तरी आत २५ टक्के ओल निघू शकते. अशी फळी बसवू नका. पंधरा-वीस दिवस सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचा, पुन्हा मोजा आणि मगच सुताराला बोलवा.